वहिनी, ते विनोद तुझे होते

वहिनी, काल तुझी तेरवी झाली आणि पंगतीत माणसं पोट धरून हसली. थोरल्या काकांना ठसका लागला. तुझा श्रीहरी, दहाव्याला भादरलेल्या डोक्यानं, डोळे पुसत पुसत हसत होता. त्यांना हसवलं मी. मला हसवायचं नव्हतं, हे सांगायला आज बसले आहे. हे ज्याला खरं वाटेल असं तुझ्याशिवाय दुसरं कुणी या घरात नव्हतं, आणि तू तर गेलीस.

तेरा दिवस बायका येत होत्या. ओसरीवर बसायच्या, पाणी प्यायच्या आणि सगळ्या एकच म्हणायच्या, "लय गरीब गाय होती बाई. कधी आवाज न्हाई, कधी हसणं न्हाई." मी मान हलवायचे. आतून मात्र संताप यायचा. गरीब गाय म्हणे! या सेलूत तुझ्याइतक्या तिखट नजरेची बाई मी दुसरी पाहिली नाही. पण हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार होते? तुझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला नाही, कारण मध्ये मी उभी होते.

तू या घरात आलीस तेव्हा मला सासरहून परत येऊन सहा महिने झाले होते. परत आलेल्या मुलीला घरात कुणी वाईट बोलत नाही, फक्त ती आली की बोलणं थांबतं. मी दिवसभर स्वयंपाकघरात असायचे, कारण तिथं कुणी येत नव्हतं. मग तू आलीस. दादा निजामाबादकडच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता, तिथल्या मुनिमाची तू मुलगी. आईनं लग्नाला होकार दिला, पण नावाला दिला नाही. "नागमणी? ऐकूनच अंगावर काटा येतो," म्हणाली. मांडवात तांदळाच्या ताटात दादानं अंगठीनं 'वैशाली' लिहिलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुला ते वाचता आलं नाही. तू शेजारी बसलेल्या मला विचारलंस, "काय लिहिलं?"

तुझी तेव्हाची मराठी म्हणजे निम्मी हैदराबादी हिंदी, थोडी आमची बोली आणि उरलेले हातवारे. तरी महिनाभरानं एका सकाळी भाकरी थापता थापता तू मला म्हणालीस, "वैशाली म्हणून आवाज देतेत ना, तवा मी पण वळून बघते. कोण आली म्हणून."

एवढं बोलून तू थांबलीस. हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहिली होती, आणि तू माझ्या तोंडाकडं बघत होतीस. मला कळायला क्षणभर लागला. मग मी अशी हसले, की आई बाहेरून बघायला आली. सात महिन्यांत मी पहिल्यांदा हसले होते. याबद्दल तुला कधी काही बोलले नाही. आज म्हणते, वहिनी, त्या सकाळी तू मला उठवून बसवलंस.

तुझं ते थांबणं मला पुढं ओळखीचं झालं. आम्ही आपल्याच भाषेत बोलणारी माणसं असं थांबत नाही. समोरच्याला कळलं असणार, हे आम्ही धरूनच चालतो. तुला दर वेळी बघावं लागायचं, पोचलं की नाही. माझ्या बाबतीत बहुतेक वेळा पोचायचं.

इतरांच्या बाबतीत काय झालं, ते तू विसरली नव्हतीस आणि मीही विसरले नाही. थोरल्या काकांची जेवायची तऱ्हा तुला पहिल्याच आठवड्यात कळली होती. वाढायला कुणी आलं की ते हात आडवा धरून "बस, बस, नको" म्हणायचे आणि दुसऱ्या हातानं ताट पुढं सरकवायचे. आम्ही सगळे लहानपणापासून ते बघत आलो होतो, पण ते बघण्यासारखं आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. एका सणाला तू वरणाची पळी घेऊन त्यांच्यासमोर वाकलीस. डोक्यावर पदर होता. काका म्हणाले, "नको." ताट पुढं आलं. तू पळी तशीच धरून म्हणालीस, "काका, तुमचा हात नको बोलतो, ताट हो बोलते. मी कोणाचं ऐकू?"

आणि थांबलीस.

काकांनी ताटात हात धुतला आणि उठले. आईनं तुला आत बोलावून विचारलं, "सासऱ्याची मजाक करती व्हय गं? हीच रीत हाय का तुमच्याकडं?" तू खरं तेच सांगितलंस. "हो, आमच्याकडं करतेत." त्यानं तर आगीत तेलच पडलं. दादा तुझ्याकडं न बघता म्हणाला, "इथं न्हाई करायची."

मी तुला शोधत मागच्या अंगणात आले. वाटलं, रडत असशील. तू धुण्याच्या दगडावर बसून विचार करत होतीस. तुमच्याकडं जेवायला बसलं की सासू सुनेची, सून सासऱ्याची, मामा सगळ्यांचीच खेचतो, त्याशिवाय घास उतरत नाही, असं तू मला हातवाऱ्यांनी सांगितलंस. मग विचारलंस, "माझा शब्द चुकला का?"

मी म्हणाले, "शब्द बरोबर होता. पण सुनेनं बोलायचं नसतं."

तू थोडा वेळ हे मनात घोळवलंस. "म्हंजे मजाक बरोबर हाय. बोलणारी चुकीची हाय."

"तसंच."

"मग तू बोल."

हे तूच म्हणालीस, वहिनी. पुढची कितीतरी वर्षं मी या तीन शब्दांच्या आड लपले. आठ दिवसांनी काका परत जेवायला होते. मी वाढत होते. तुझंच वाक्य मी आमच्या धुतल्यासारख्या मराठीत म्हटलं. काका आधी माझ्याकडं बघत राहिले, मग एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "शोभी लय बिलंदर हाय गं!" म्हणाले. आठ दिवसांपूर्वी हेच ऐकून आपण ताटात हात धुतला होता, हे त्यांना आठवलंही नाही. तेव्हा त्यांनी विनोद ऐकलाच नव्हता, सुनेचा आवाज तेवढा ऐकला होता. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तिची परत आलेली पोरगी बोलायला लागली होती. आणि तू स्वयंपाकघराच्या दाराआड पदर तोंडात धरून हसत होतीस. तेव्हा तू खरंच खूश होतीस. मी नीट बघितलं होतं.

तेव्हापासून आपलं तसंच चालू झालं. भाकरी तू थापायचीस, वाढायला मी जायचे. विनोदांचंही तेच. तू चुलीपाशी माझ्या कानात सांगायचीस, मी ओसरीवर जाऊन सगळ्यांसमोर सांगायचे आणि रिकामं ताट घेऊन आत यायचे. "हसले?" तू विचारायचीस. "काका हसले, दादा थोडा उशिरा." तू मान डोलवायचीस आणि पुढची भाकरी थापायला घ्यायचीस. मी तुझं बोलणं सुधारते, असं मला वाटायचं. कधी चार शब्द वाढवायचे, कधी कुणाची नक्कल घालायचे. तू ऐकून म्हणायचीस, "मीठ जास्त झालं." तुझं बरोबर असायचं.

काही मात्र मला बाहेर नेता येत नव्हते. ते फक्त तुझ्याच तोंडी बसणारे होते. माहेरी जाऊन आलीस की सांगायचीस, "चुडाव्यापर्यंत मी नागमणी. तिथं गाडी उभी राहती, मी पाणी पिते, केस नीट करते, डोक्यावर पदर घेते. पूर्णा आलं की वैशाली." चुडाव्याच्या त्या एवढ्याशा ठेसनावर एक बाई उतरते आणि दुसरी चढते, असं तू हातानं दाखवायचीस. मी हसायचे आणि मला कसंतरीही व्हायचं.

पोखर्णीला आपण नरसिंहाच्या दर्शनाला गेलो होतो, तो दिवस तर मला काल-परवाचा वाटतो. तुमच्या घरचा देवही नरसिंहच. गाभाऱ्यासमोर तू मोठ्यानं, सरळ तेलुगूत बोलायला लागलीस, घरातल्या माणसाशी बोलावं तशी. तुझा एवढा मोकळा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आई चुळबुळ करायला लागली. बाहेर आल्यावर चपला घालताना तू मला हळूच म्हणालीस, "देव बघ. तिकडं पण नरसिंह, इकडं पण नरसिंह. नाव तेच राहिलं. तो लग्न करून आला न्हाई ना."

हे मी कुणाला सांगणार? तू थांबलीस, माझ्याकडं बघितलंस, आणि मी हसायच्या आधी तूच चालायला लागलीस.

मला शाळेत नोकरी लागली आणि तुझे विनोद घराबाहेर पडले. मधल्या सुट्टीत बाकीच्या बाई माझ्याभोवती बसायच्या. लग्नात, बारशात, हळदीला मला आग्रहाचं बोलावणं यायचं. स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन दर वर्षी माझ्याकडं. गंभीर तोंडानं बोलायचं आणि बोलून झालं की दोन क्षण थांबायचं, ही माझी खास पद्धत म्हणून लोक सांगायला लागले. वहिनी, ती पद्धतसुद्धा तुझीच. मला परत आलेली मुलगी म्हणणं लोकांनी कधी बंद केलं, ते मला आठवत नाही. हजरजबाबी शोभाताई एवढंच राहिलं.

आमच्या मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाला तू आली होतीस. शेवटच्या ओळीत, खिडकीजवळ बसली होतीस. सरांना तू त्यांच्या बायकोबरोबर बाजारात एकदाच बघितलं होतंस आणि घरी येऊन मला सांगितलं होतंस. ते मी भर सभेत सांगितलं. "बाजारात बाई पुढं, सर पिशवी घेऊन मागं. बाई थांबल्या की सर थांबतात. शाळेत घंटा वाजवावी लागते, तिथं तीसुद्धा लागत न्हाई." सर हसले, बाई त्यांच्याहून जास्त हसल्या. टाळ्या थांबेनात. मी शेवटच्या ओळीकडं बघितलं नाही.

परत येताना ऑटोत आपण दोघीच होतो.

"ते सरांचं मी बोलली होती."

"अगं तुझंच की."

"मग तिथं बोलायचं होतं. वहिनी बोलली म्हणून."

"भर सभेत असं कोण सांगतं?"

रेल्वे फाटक बंद होतं. ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं. फाटकाकडं बघत तू म्हणालीस, "तुला तवा पाहिजे होतं, म्हणून मी दिलं. आता तुला नोकरी हाय, मान हाय. आता माझं मला दे."

मी तेव्हा जे बोलले, ते तुला आयुष्यभर लागलं असणार. मी म्हणाले, "वहिनी, तू सांगितलंस तर लोक तुझ्या मजाकीला हसणार न्हाईत. तुझ्या मराठीला हसतील."

"हसू दे. माझ्याकडं बघून तर हसतील."

मालगाडी गेली, फाटक उघडलं, आपण घरी आलो. त्या भांडणात तू बरोबर होतीस, एवढं तरी मी तुला सांगायला हवं होतं. रोज सकाळी आपण शेजारी शेजारी उभ्या असायचो. सांगायला वेळ भरपूर होता.

पुढच्या संक्रांतीला आपल्याकडं हळदीकुंकू होतं. आई आता नव्हती, घर तुझं होतं. पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. तिळगूळ वाटताना तू अचानक मधे उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मी एक सांगू का?" सगळ्यांनी वर बघितलं.

"आमच्या गल्लीचा नळ म्हंजे जावई हाय," तू सुरू केलंस. बायका जरा सावरून बसल्या. "येणार म्हटलं की घर पहाटेपासून उठून बसते. हंडे-कळशा घासून तयार. आला की अर्धा तास बसतो. आणि गेला की..."

इथं तू अडलीस. पुढं काय, ते तुला पक्कं माहीत होतं. ते सकाळीच तू स्वतःशी पुटपुटताना मी ऐकलं होतं. ऐन वेळी मराठी जुळेना, एवढंच. तू माझ्याकडं बघितलंस. मी गप्प राहायला हवं होतं. थोडा वेळ गेला असता, एखादी बाई तिळगूळ चघळत राहिली असती, आणि तुला सापडलं असतं. नसतं सापडलं तरी ते तुझं राहिलं असतं. पण माझी जीभ इतक्या वर्षांची सवयीची. "आणि गेला की आठ दिवस घरात त्याचंच बोलणं!" मी म्हणाले.

खोली हसण्यानं भरून गेली. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली होती. "शोभाताई, तुमी म्हंजे ना!" कुणीतरी माझ्या पाठीवर थापटी मारली. तूही हसलीस. मग हळदीकुंकवाचं तबक आणायला आत गेलीस आणि बराच वेळ आलीच नाहीस. तबक बाहेरच होतं, माझ्या मांडीपाशी.

त्यानंतर तू मला एकही विनोद दिला नाहीस. महिनाभर मी वाट बघितली. मग शाळेचं स्नेहसंमेलन जवळ आलं तेव्हा तुझ्यापाशी येऊन उभी राहिले, लाज सोडून म्हणाले, "एखादी सांग ना." तुझा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर गेली. "संपल्या," तू म्हणालीस.

खोटं होतं ते. तुझी नजर तशीच फिरत होती. पोस्टमन दारात येऊन गेला, एखादा पाहुणा जरा जास्तच वेळ हात धूत बसला, की तुझ्या ओठाचा कोपरा हलायचा. मी वाट बघायचे आणि तू ते गिळून टाकायचीस. मला तुझा राग यायचा, हेही खोटं का बोलू? वाटायचं, एवढी कसली चिक्कू ही. माझं बोलणं हळूहळू बेचव झालं. शाळेत म्हणायला लागले, शोभाताई आताशा गप्प असतात, वयाचं असेल. खरं कारण घरात फक्त दोघींना माहीत होतं, आणि आपण दोघी त्यावर एक शब्द बोलत नव्हतो. तीन वर्षं आपण अंबाडीची भाजी निवडत, शेंगा फोडत, शेजारी बसून काढली.

मग तुझी कावीळ. परभणीच्या दवाखान्यात दहा दिवस. शेवटी शेवटी तू मराठी सोडून दिलीस, सकाळपासून तेलुगूतच बोलायला लागायचीस. दादाला जिनिंगमधलं कामापुरतं कळायचं, तेवढ्यावर तो "पाणी मागायलीय, पाणी दे" असं सांगायचा. त्या दुपारी तो औषधं आणायला गेला होता, श्रीहरी डबा आणायला. मी एकटी तुझ्या उशाशी होते. तू डोळे उघडलेस. सलाईनच्या बाटलीकडं बघितलंस, मग दाराकडं, मग माझ्याकडं. आणि तेलुगूत एक वाक्य बोललीस. पाच-सहा शब्द असतील. ओठाचा डावा कोपरा वर गेला. सुई लावलेला हात चादरीवरून थोडा उचललास, त्यात भाकरी असावी तसा.

आणि थांबलीस. माझ्या तोंडाकडं बघत.

मी ओळखलं, वहिनी. शब्द एकही कळला नाही, पण हे काय आहे ते ओळखलं. तीन वर्षांनी तू मला परत एक देत होतीस. सव्वीस वर्षं तू या घरात आमची भाषा शिकत राहिलीस. तुझ्या भाषेतले चाळीसेक शब्द मला येतात, त्यातले निम्मे खाण्याचे. या घरात तू हजार वेळा न लाजता म्हणाली असशील, "कळलं न्हाई, परत बोला." तेवढंच मला म्हणायचं होतं. कळलं न्हाई वहिनी, परत सांग. तू सांगितलं असतंस. मोडक्या मराठीत, हातवारे करून, तू नक्की सांगितलं असतंस.

मी तुझा हात थोपटला आणि म्हणाले, "हो वहिनी, हो."

तू आणखी थोडा वेळ बघत राहिलीस. मग तोंड भिंतीकडं वळवलंस. तिसऱ्या दिवशी तू गेलीस, आणि ते वाक्य काय होतं, हे आता मला कुणीच सांगू शकत नाही.

आता कालचं सांगते. पंगत बसली होती. दादा ताटावर मान घालून बसला होता. श्रीहरी त्याच्या पुण्याच्या मित्रांना सांगत होता, "आमची आई म्हणजे एकदम शांत. हसवायचं खातं आत्याकडं." मग बापाकडं बघून त्याचा जीव कळवळला असावा. मला म्हणाला, "आत्या, ते नळाचं सांगा ना. पप्पांना बरं वाटंल."

तुझ्या तेरवीला तुझा मुलगा तुझाच विनोद माझ्याकडं मागत होता. माझ्या हातात बुंदीचं भांडं होतं. ते मी खाली ठेवलं. "श्रीहरी, ते माझं न्हाई," मी म्हणाले. "तुझ्या आईचं हाय. काकांच्या ताटाचं पण तिचंच. सरांचं पण. आजपर्यंत मी जे काही बोलले ते सगळं तिचं हाय. मी एक पण केलेलं न्हाई."

काका खदखदून हसले. "वैशालीनं? अगं तिला मीठ वाढू का एवढं तरी नीट म्हणता येत होतं का?" तिथून जे सुरू झालं ते थांबेना. मी "देवाशप्पथ" म्हणाले, तर हसू दुप्पट झालं. गंभीर तोंडानं बोलायची माझी पद्धत सगळ्यांना ठाऊक. श्रीहरी डोळे पुसत म्हणाला, "आत्या, तुमी पण ना!" किती दिवसांनी शोभाताई रंगात आल्या, असं मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं. ठसका ओसरल्यावर काकांनी मला जवळ बोलावलं आणि डोक्यावर हात ठेवला. "गेलेल्या माणसाच्या पदरात घालायलीस. मन लय मोठं हाय तुझं, शोभे." फक्त दादा हसला नाही. तो भात कालवत राहिला, खाल्ला मात्र नाही.

मी आत आले. स्वयंपाकघरात तुझी अम्मा बसली होती, ओट्याला टेकून, तुझ्या परातीशेजारी. एवढ्या लांबून गाडीनं आलेली म्हातारी, आणि या घरात तिच्याशी बोलायला कुणी नाही. बाहेरचं हसणं तिनं ऐकलं होतं. मुलीच्या तेरवीला माणसं का हसतात, असं तिनं मला हातानं विचारलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं.

मी तिच्यासमोर खाली बसले. वाटलं, सगळ्या जगात हिला तरी कळू दे, आपली नागमणी इथं काय बोलायची ते. आणि तुझा पहिला विनोद, नावाचा, जो मला कधीच बाहेर नेता आला नव्हता, तो मी तिला तेलुगूत सांगायला घेतला. 'हाक मारणे' याला शब्द येत नव्हता, म्हणून तोंडाशी हात नेला. 'वैशाली' म्हणाले. 'मी' म्हणाले आणि तुझ्या परातीकडं बोट दाखवलं. 'बघते' आलं, 'कोण' आलं, 'आली' आधी विसरले आणि मग दोनदा म्हणाले. मधेच परत मागं जाऊन पहिलं वाक्य दुरुस्त केलं. घाम फुटला. शेवटी वळून मागं बघण्याची नक्कल केली, कोण आली म्हणून, आणि माझं सांगून झालं.

मी थांबले. अम्माच्या तोंडाकडं बघत राहिले. बाहेर पत्रावळी उचलल्याचा आवाज येत होता. किती लांब असतं गं ते थांबणं.

अम्मानं माझ्या ओठांकडं बघितलं, मग डोळ्यांकडं. मग सुरकुतलेल्या हातानं माझा हात थोपटला आणि मायेनं म्हणाली, "अवुनम्मा, अवुनु."

एवढं तेलुगू मला येतं. हो बाई, हो.